हस्तपादांच्या पिण्डिका आणि उंदराचा गर्भ

गर्भशरीरात प्रथम कोणता अवयव निर्माण होतो, या प्रश्नावर संहिताकारांनी मांडलेला वाद आपणां सर्वांना पहिल्या वर्षाच्या शारीरापासून परिचित आहे. सुश्रुतसंहितेत शौनक शिर म्हणतात, कृतवीर्य हृदय म्हणतात, पाराशर्य नाभी, तर सुभूति गौतम मध्यशरीर. मार्कण्डेयांचे मत हातापायांच्या बाजूने पडते, कारण गर्भाच्या चेष्टेचे मूळ तेथे आहे. शेवटी धन्वन्तरी सर्व अंगप्रत्यंगे एकाच वेळी निर्माण होतात असा निर्णय देतात आणि बांबूच्या कोंबाचा व आंब्याच्या फळाचा दृष्टान्त देतात. चरकसंहितेतील याच वादात मारीचि कश्यपांचे एक मत नोंदविले आहे. ही गोष्ट डोळ्यांआड घडते, म्हणून ती चिंतनाच्या कक्षेबाहेरची आहे, असे ते म्हणतात. विद्यार्थिदशेत आम्ही हे मत उत्तरपत्रिकेत घाईने लिहून पुढे जात असू, कारण गुण धन्वन्तरींच्या मताला मिळत. आज वीस वर्षांच्या व्यवसायानंतर त्या यादीतील सर्वांत प्रामाणिक मत कश्यपांचे होते असे वाटू लागले आहे.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ही परोक्ष गोष्ट बऱ्याच अंशी प्रत्यक्ष झाली आहे. ती झाली उंदराच्या गर्भात आणि विशेषतः त्याच्या हातापायांच्या अंकुरात. या संशोधनाचा आपल्या चिकित्सालयातील केसपेपरशी आणि औषधालयाच्या काउंटरशी जो संबंध आहे, तो मांडण्यासाठी हा लेख लिहीत आहे. ‘हे सर्व आपल्या ग्रंथांत पूर्वीच सांगितले आहे’ असे सिद्ध करण्याचा हेतू नाही. तसे करण्याने ग्रंथांचाही मान राहत नाही.

प्रथम कालगणना पाहू. प्रयोगशाळेत उंदरांची जोडी रात्री एकत्र ठेवतात. सकाळी मादीच्या योनिमार्गात समागमाची खूण असलेला घट्ट खडा आढळला, की त्या दिवसाची दुपार म्हणजे गर्भाचा अर्धा दिवस असे धरतात. उंदराची गर्भधारणा सुमारे १९ ते २० दिवसांची. साडेनवव्या दिवशी धडाच्या कडेला पुढच्या पायाचा फुगवटा दिसू लागतो, मागच्या पायाचा त्यानंतर साधारण अर्ध्या दिवसाने. तेराव्या-चौदाव्या दिवशी बोटे ओळखू येतात. म्हणजे सबंध अवयवाची आखणी चार-पाच दिवसांत उरकते. मानवी गर्भात हाताचा अंकुर गर्भधारणेपासून सुमारे २६व्या-२७व्या दिवशी उमटतो, पायाचा एक-दोन दिवस मागाहून, आणि आठव्या आठवड्याच्या अखेरीस बोटे सुटी झालेली असतात. सुश्रुताचार्य तिसऱ्या महिन्यात हात, पाय व शिर यांच्या पाच पिण्डिका सांगतात. शेवटच्या रजोदर्शनापासून मोजल्यास बोटे सुटी होण्याचा काळ दहाव्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे तिसऱ्या महिन्यातच येतो. ही नोंद करणाऱ्याने गर्भस्रावातील गर्भ लक्षपूर्वक पाहिला असावा असे मला नेहमी वाटते. पिण्डिकांचा आरंभ मात्र त्याच्या बराच आधी, डोळ्यांना न दिसणाऱ्या आकारात झालेला असतो. आणि ‘एकाच वेळी’ म्हणावे तर मानवी हृदय २२व्या दिवसाच्या सुमारास स्पंदन पावू लागते, हातांच्या आधी. कृतवीर्यांच्या पारड्यात एवढे तरी टाकावे लागेल.

जनुकांविषयी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच एकच असतो. यकृताच्या पेशीत बोटाची जनुके नसतात असे नाही. ग्रंथ प्रत्येक वैद्याच्या कपाटात तोच असतो, पण कोणता अध्याय केव्हा उघडला यावर चिकित्सा ठरते, तसेच येथे आहे. जनुक उघडले गेले की त्याची नक्कल आरएनएच्या रूपाने पेशीत तयार होते आणि तिच्यावरून प्रथिन बनते. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. ‘इन सिटू हायब्रिडायझेशन’ या पद्धतीत ती नक्कल जेथे असेल तेथेच रंग धरतो. तीळभर आकाराचा गर्भ पारदर्शक होतो आणि त्यात एखादे जनुक जेथे जागे आहे तेवढाच ठिपका जांभळा-निळा दिसतो. कश्यपांनी ज्याला अचिन्त्य म्हटले ते अशा ठिपक्यांच्या रूपाने समोर आले.

अंकुर वाढतो कसा, याचा पहिला धागा उंदराच्या नव्हे, कोंबडीच्या गर्भात सापडला. १९४८ साली जॉन सॉन्डर्स यांनी पंखाच्या अंकुराच्या टोकावरील त्वचेची बारीक कड कापून टाकली. पंख तेथेच थांबला. कड लवकर कापली तर खांद्याजवळचाच भाग बनला, उशिरा कापली तर फक्त टोके कमी पडली. पुढे कळले, की ही कड ‘एफजीएफ’ गटातील प्रथिने स्रवते आणि आतील पेशींना वाढते ठेवते. कड निर्माण व्हावी यासाठी आतूनही ‘एफजीएफ-१०’ नावाचा निरोप यावा लागतो. १९९८-९९ मध्ये हे जनुक काढून टाकलेले उंदीर जन्मले तेव्हा त्यांना हातपाय नव्हतेच. फुप्फुसेही नव्हती. अंकुर हाताचा की पायाचा, यात ‘टीबीएक्स-५’ पुढच्या अंकुरात व ‘टीबीएक्स-४’ मागच्या अंकुरात काम करते. ‘हॉक्स’ जनुकांचा गट लांबीच्या टप्प्यांशी निगडित आहे. त्यातील ११व्या क्रमांकाची दोन जनुके नाहीशी केली तर उंदराच्या अग्रबाहूतील दोन्ही अस्थी जवळजवळ लोप पावतात, हे १९९५ साली दाखविले गेले.

येथे व्यवहाराची एक गोष्ट सांगून ठेवतो. टीबीएक्स-५ हेच जनुक हृदयाच्या घडणीतही लागते. १९९७ साली मानवातील होल्ट-ओराम विकाराचे मूळ याच जनुकात सापडले. अंगठा नसणे, अंगठ्यात दोनऐवजी तीन पर्वे असणे किंवा अग्रबाहू आखूड असणे आणि सोबत हृदयाच्या पडद्याला छिद्र असणे, असे या विकाराचे स्वरूप. तेव्हा अंगठ्याची विकृती असलेले बालक खोकल्यासाठी जरी आणले तरी त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावावा आणि इकोसाठी पाठवावे.

करंगळीकडचा ठिपका

या विषयातील सर्वांत रोचक जनुकाचे नाव ऐकून हसू येते. १९८०च्या सुमारास ख्रिस्टियान न्यूस्लाइन-फोलहार्ड व एरिक वीशाउस यांनी फळमाशीतील एका जनुकास, ते बिघडल्यावर अळीच्या अंगावर दाट काटे येतात म्हणून ‘हेजहॉग’, म्हणजे काटेरी साळूसारख्या प्राण्याचे नाव दिले. पृष्ठवंशीयांत त्याचा भाऊबंद सापडला तेव्हा त्याला संगणकीय खेळातील पात्रावरून ‘सॉनिक हेजहॉग’ म्हटले गेले. १९९३ साली क्लिफ टॅबिन यांच्या गटाने दाखविले, की हे जनुक अंकुराच्या मागच्या कडेला, म्हणजे करंगळी जेथे यायची त्या बाजूला, एका छोट्या ठिपक्यात जागे होते. तेथून त्याचे प्रथिन पसरते आणि अंगठा कोणत्या बाजूला व करंगळी कोणत्या, हे पेशींना कळते. कोंबडीच्या अंकुरात पुढच्या बाजूलाही हाच संदेश दिला, तर बोटांची आरशातल्यासारखी दुसरी जोडी उगवते.

उंदराच्या अंकुरात हा ठिपका दोन-अडीच दिवसच उजळतो. हे जनुक समूळ काढल्यास पुढच्या पायांना बोटे येत नाहीत, मागच्या पायाला एकच येते. मेंदू व चेहराही बिघडतो आणि दोन नेत्रांऐवजी मध्ये एकच नेत्र उरतो. संदेश मध्येच तोडला तर किती बोटे जातील ते कोणत्या घटकेला तोडला यावर अवलंबून असते. अंगठ्याला या संदेशाची गरज लागत नाही, उरलेल्या चारांना लागते. बोटे आखली गेल्यावर त्यांच्यामधील पडद्याच्या पेशी ठरलेल्या वेळी मरतात आणि बोटे सुटी होतात. हाताचा आकार काही अंशी अशा मरणातून येतो.

आता कुटुंबांत चालत येणाऱ्या सहा बोटांकडे वळू. हातापायांत हे जनुक केव्हा व कोठे जागे व्हावे हे ठरविणारा खंड त्या जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरे दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात आहे. २००३ साली या खंडातील एकाच अक्षराच्या बदलामुळे अंगठ्याच्या बाजूस जादा बोट येते, असे काही कुटुंबांत व उंदरांत दिसून आले. त्या बदलामुळे करंगळीकडचा ठिपका अंगठ्याकडेही उमटू लागतो. फ्लोरिडातील की वेस्ट येथे लेखक हेमिंग्वे यांच्या घरी नांदणाऱ्या बहुअंगुली मांजरांतही याच खंडात बदल आढळला. २००५ मध्ये उंदरांतून हा खंड काढला तेव्हा मेंदू व चेहरा निर्दोष राहिला, हातपाय तेवढे खुंटले. २०१६ मध्ये बर्कले येथील संशोधकांनी उंदरातील हा खंड काढून त्या जागी सापाचा बसविला. उंदराला पायांच्या जागी खुंटच आले.

काही वर्षांपूर्वी एक सासूबाई सून व नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. बाळाच्या उजव्या हाताला अंगठ्याशेजारी एक बारीक बोट होते. “डॉक्टर, ग्रहणात हिनं विळीवर भाजी चिरली. मी ओरडत होते,” सासूबाई म्हणाल्या. सून खाली मान घालून बसली होती. मी ग्रहण केव्हा होते ते विचारले. सातवा महिना लागला होता. मग बाळाच्या घरात असे बोट कोणाला होते का, असे विचारले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. शेवटी सोबत आलेल्या आजोबांनी आपला हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी जुना व्रण होता. “लहानपणी कापलं होतं,” एवढेच ते म्हणाले. त्या घराण्यात नेमका कोणत्या जनुकाचा दोष होता याची तपासणी झाली नाही, तशी गरजही नव्हती. बाळाचे बोट पुढे शल्यतज्ज्ञांनी काढले. सातव्या महिन्यात चिरलेल्या भाजीने दुसऱ्या महिन्यातच पूर्ण झालेली बोटे वाढत नाहीत, हे मात्र मी त्या माउलीला दोनदा समजावून सांगितले.

येथे आपल्या ग्रंथाविषयीही मोकळेपणाने बोलले पाहिजे. सुश्रुताचार्य चौथ्या महिन्यात दौहृद सांगतात आणि त्याचा अवमान झाल्यास कुब्ज, कुणि, खञ्ज अशी संतती होते असे म्हणतात. गर्भिणीची इच्छा जपावी हा उपदेश उत्तम आहे. परंतु कुणित्वाचे, म्हणजे हाताच्या विकृतीचे कारण म्हणून तो काळाशी जुळत नाही, कारण चौथ्या महिन्यात हात घडून झालेला असतो. याउलट बीजाचा जो भाग दूषित होतो त्यापासून होणारा अवयव विकृत होतो, हा चरकांचा विचार आजच्या ज्ञानाच्या बराच जवळ जातो. बीजभागावयव म्हणजेच जनुक असे समीकरण मी मांडणार नाही. पण दोष आईच्या वागण्यात न शोधता बीजात शोधावा, ही दिशा त्यात आहे आणि आपल्या ओपीडीत तिचा उपयोग होतो.

वनस्पतिज म्हणजे निर्दोष?

१९५०च्या दशकात अमेरिकेतील आयडाहो प्रांतातील मेंढपाळ हवालदिल झाले होते. कळपांत मध्यभागी एकच डोळा असलेली कोकरे जन्मत होती. त्यांनी कृषिखात्याच्या शास्त्रज्ञांना बोलाविले. हे लोक उन्हाळे उन्हाळे डोंगरातील कुरणांत मेंढ्यांमागे राहिले आणि अखेर दोष ‘व्हेराट्रम कॅलिफोर्निकम’ या रानटी वनस्पतीकडे आला. मेंढीची गर्भधारणा सुमारे १५० दिवसांची. तिने गर्भाच्या १४व्या दिवशी हे पान खाल्ले तर कोकरू एकाक्ष होई. २८ ते ३३ या दिवसांच्या सुमारास खाल्ले तर डोळे उत्तम, पण पायांच्या अस्थी आखूड. पुढे खाल्ले तर कोकरू व्यवस्थित. द्रव्य तेच, मेंढी तीच. फरक तिथीचा होता. मेंढी स्वतः धडधाकट असे, म्हणून कोणाला संशयही येत नसे.

त्या वनस्पतीतील क्षाराभाला ‘सायक्लोपामिन’ हे नाव मिळाले. तो काय करतो हे तीन-चार दशके कोडेच राहिले. हेजहॉग जनुक नसलेला उंदीर १९९६ साली जन्मला आणि त्याचाही एकच डोळा होता, तेव्हा धागा जुळला. १९९८ मध्ये सिद्ध झाले, की सायक्लोपामिन हेजहॉगचा संदेश पेशीत पोहोचू देत नाही. जनुक निर्दोष, बीज निर्दोष, पण पानातील एका द्रव्याने निरोप अडविला. याच मार्गावर काम करणारे ‘व्हिस्मोडेगिब’ हे औषध २०१२ साली अमेरिकेत त्वचेच्या एका कर्करोगासाठी मान्य झाले आणि गर्भिणीसाठी ते निषिद्ध असल्याचा ठळक इशारा त्यावर आहे.

व्हेराट्रम आपल्या निघंटूंतील द्रव्य नाही. तरीही ही कथा मी प्रत्येक नव्या सहायकाला सांगतो, कारण “आयुर्वेदिक आहे, काही अपाय नाही” हे वाक्य आपल्या काउंटरवर दिवसातून दहा वेळा उच्चारले जाते. ते वाक्य चरकांचे नाही. गर्भिणीला काठोकाठ तेल भरलेल्या भांड्याप्रमाणे सांभाळावे, असे ते सांगतात.

उंदराच्या प्रयोगांना मर्यादा आहेत, तीही सांगितली पाहिजे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध विक्रीस आले आणि गर्भिणींच्या उलट्यांसाठीही दिले जाऊ लागले. हात खांद्याला पंजासारखे चिकटलेली बालके जन्मू लागली. १९६१च्या अखेरीस ते मागे घेतले गेले तोपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बालके बाधित झाली होती. गर्भधारणेपासून साधारण २० ते ३६ हे दिवस घातक ठरले. आणि उंदराला हे औषध दिले तर त्याच्या हातापायांना काहीच होत नाही! २०१० साली जपानी संशोधकांना हे औषध ज्याला चिकटते ते ‘सेरेब्लॉन’ प्रथिन सापडले. उंदीर वाचतो यामागे त्यातील एका अमिनो आम्लाचा फरक हे एक कारण मानले जाते, पण तेवढेच पुरेसे नाही. म्हणून ‘उंदरावर सुरक्षित’ एवढ्या शब्दांवर औषधाच्या पत्रकात विसंबू नये. कुष्ठरोगातील प्रतिक्रिया व मायलोमा यांसाठी थॅलिडोमाइड आजही वापरले जाते. आपल्याकडे येणारी रुग्णा बाहेर काय घेत आहे हे म्हणूनच विचारावे, मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनसह.

आता माझी स्वतःची चूक. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात पाळी नऊ दिवस लांबली म्हणून एक तरुणी आली होती. तिला पूर्वीही असे होत असे. मी नाडी पाहिली, कोष्ठ विचारला आणि रजःप्रवर्तनी वटी सात दिवसांसाठी लिहून दिली. मूत्राची चाचणी सांगितली नाही. दहाव्या दिवशी ती सोनोग्राफीचा कागद घेऊन आली आणि आनंदाने पेढे ठेवून गेली. औषधाचा विषय तिने काढला नाही, मीही काढण्याचे धैर्य केले नाही. त्या रात्री हिशेब केला. ती आली तेव्हा गर्भ सुमारे २३ दिवसांचा होता, वटी संपली तेव्हा ३० दिवसांचा. हाताचा अंकुर २६व्या-२७व्या दिवशी फुटतो. टंकण, कासीस, हिंग व कुमारीसार यांचा तो कल्प हातापायांची विकृती करतो असे मी म्हणत नाही. रज प्रवृत्त करण्यासाठी बनविलेला कल्प मी नेमक्या त्या सात दिवसांत दिला, एवढे मात्र खरे. मुलगी सुखरूप जन्मली, दहाही बोटांसह. ती जन्मेपर्यंतचे महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. प्रयोगशाळेतील उंदराचे वय अर्ध्या दिवसाच्या अचूकतेने नोंदविले जाते आणि माझ्या केसपेपरवर शेवटच्या पाळीच्या तारखेचा रकानाच नव्हता.

आता आहे. पंधरा ते पन्नास वयाच्या प्रत्येक स्त्रीची ती तारीख प्रथम लिहिली जाते, तक्रार सांधेदुखीची असो वा केस गळण्याची. पाळी लांबली असल्यास चाचणीची पट्टी आधी, औषध नंतर. गर्भ राहावा म्हणून उपचार घेणाऱ्या स्त्रीला तीक्ष्ण, रेचक वा रसकल्प द्यायचे असतील तर ते पाळी आल्यावर सुरू करून बीजकाळापूर्वी थांबवितो. विवाहेच्छू मुलींना आणि वरील आजोबांसारखी घराण्यात विकृती असलेल्या जोडप्यांना जनुकीय समुपदेशनासाठी मोठ्या रुग्णालयात पाठविण्यात मला कमीपणा वाटत नाही.

औषधालये चालविणाऱ्या मित्रांचे काम अधिक अवघड आहे, कारण त्यांच्यासमोर बहुधा रुग्णा येतच नाही. नवरा, दीर किंवा शेजारीण ‘पाळी यायच्या गोळ्या’ मागून नेते. आमच्या औषधालयातील मुलगा प्रथम म्हणाला, “सर, गर्दीत असलं कसं विचारायचं?” त्याचे म्हणणे रास्त होते. मग आम्ही हे काम आवक-जावक पाहणाऱ्या ताईंकडे दिले. असे औषध मागितले, की त्या बाजूच्या टेबलाशी बोलावतात, कोणासाठी व पाळी केव्हा आली होती हे विचारतात आणि माहीत नसेल तर फोन लावून द्यायला सांगतात. पहिल्या महिन्यात दोन-तीन गिऱ्हाइके रागावून शेजारच्या दुकानात गेली. ते दुकानदारही आमच्या संघटनेचे सभासद आहेत. त्यांच्याशी बोलणे झाले आहे आणि दिवाळीनंतर त्यांच्याकडेही असेच टेबल मांडायचे ठरले आहे.